डॉलरचं खातं आणि आमची रूम



मराठी विभागासाठी लेख मागायला आमच्या विंगमध्ये आले, तेव्हा मी आधी पळ काढला होता. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीला मराठीत काठावर पास झाले आणि अजूनही ‘नि’ पहिली की दुसरी यात माझा गोंधळ होतो. पण या लेखाचा विषय असा आहे की तो इंग्रजी विभागात देऊन चालणार नव्हतं. का, ते पुढे कळेलच. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

विषय आहे परदेशात बँकेचं आणि ब्रोकरचं खातं उघडून तिथले शेअर्स घेणं. हॉस्टेलवर हल्ली रात्री जेवणानंतर दोनच गोष्टींवर चर्चा चालते, प्लेसमेंट आणि अमेरिकन शेअर्स. ज्यांना मेसचं बिल वेळेवर भरता येत नाही तेसुद्धा ‘ॲपल घ्यावा की एनव्हिडिया’ यावर तासभर बोलतात. मीही बोलत होते. आता जरा कमी बोलते.

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. माझ्या रूमीला (रूममेटला आमच्याकडे रूमीच म्हणतात) कुणीतरी एका ॲपची लिंक पाठवली. ‘अमेरिकन खातं पाच मिनिटांत, एका डॉलरपासून सुरुवात.’ खाली इंग्रजीत चौदा पानांचा करार होता. रूमीचं शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालेलं, गणितात ती माझ्या चार पावलं पुढे आहे, पण इंग्रजीचा मजकूर आला की ती मोबाईल माझ्याकडे सरकवते. तसा तिने तो सरकवला. “वाच ना जरा, बरं आहे का ते.” मी डोळ्यांनी दोन पानं वरखाली केली, उद्या सबमिशन होतं, आणि म्हटलं, “ठीक वाटतंय गं.”

तिने १८,००० रुपये टाकले. परीक्षा फी आणि पुढच्या महिन्यांच्या मेसचे होते ते. तिची आई अंगणवाडीत काम करते, भिशी उचलून पाठवले होते. पैसे यूपीआयने कुणा एका माणसाच्या खात्यावर गेले. ॲपवर २०० डॉलर दिसायला लागले, मग २१५, मग २४०! आम्ही कॅन्टीनला जाऊन मिसळ खाल्ली. दहा दिवसांनी फी भरायची म्हणून पैसे काढायला गेलो तर उत्तर आलं, आधी ६,००० रुपये ‘परदेशी टॅक्स’ भरा, मग पैसे सुटतील. तेव्हा कुठे मी ती चौदा पानं नीट वाचली. त्यात कुठल्याही ब्रोकरचं नाव नव्हतं, कुठल्याही सरकारी नोंदणीचा क्रमांक नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत कळलं असतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेत अर्ज दिला. हा लेख लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत.

त्यानंतर सुट्टीभर मी एकच काम केलं. खरा रस्ता कसा असतो ते वाचून काढलं, आमच्या बँकेतल्या मॅडमना भंडावून सोडलं, अकाउंट्सच्या काकांना प्रश्न विचारून जेरीस आणलं. ते सगळं इथे मराठीत लिहिते आहे. म्हणजे पुढच्या वेळी कुणी मोबाईल कुणाकडे सरकवायला नको.

मुळात हे कायदेशीर आहे का?

हो, आहे. पण नेहमीच नव्हतं. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याच्या काळात सामान्य माणसाला परकीय चलन बाळगणं हाच गुन्हा ठरू शकत होता. पुढे १९९९ चा ‘फेमा’ कायदा आला आणि तो जून २००० पासून लागू झाला. त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये एक योजना आणली, लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम. सगळे तिला एलआरएस म्हणतात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने स्वतःचा पैसा ठरावीक मर्यादेत बाहेर पाठवायला हरकत नाही, असं ही योजना सांगते. सुरुवातीला मर्यादा वर्षाला २५,००० डॉलर होती. आज ती एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर आहे. शिक्षण, प्रवास, भेट, उपचार, गुंतवणूक हे सगळं मिळून.

ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरायला लागला तेव्हा ती २,००,००० वरून एकदम ७५,००० डॉलरवर आणली होती, मग टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवली. म्हणून जुन्या सीनियरने सांगितलेला नियम आज तसाच असेल असं धरू नये.

याच योजनेखाली परदेशातल्या बँकेत खातं उघडायला आणि तिथले शेअर्स घ्यायला परवानगी आहे, रिझर्व्ह बँकेला वेगळं विचारावं लागत नाही. मात्र काही गोष्टींना सक्त मनाई आहे. लॉटरी नाही, मार्जिनवर म्हणजे उधारीवर सौदे करायला पैसे पाठवणं नाही, परदेशात चलनाची सट्टेबाजी नाही. आणि विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अशा गुंतवणुकीसाठी बँकेने कर्ज देणं चालत नाही. म्हणजे एज्युकेशन लोनचा हप्ता आला आणि त्यातून शेअर्स घेतले, ही आयडिया डोक्यातून काढून टाका. आमच्या विंगमध्ये दोघींच्या डोक्यात होती!

बँक वेगळी, ब्रोकर वेगळा

इथे माझाच मोठा गैरसमज होता. मला वाटायचं की अमेरिकन शेअर घ्यायचा तर आधी अमेरिकन बँकेत खातं हवं. तसं नाही. भारतात बसून शेअर्स घेणाऱ्याला फक्त ब्रोकरचं खातं लागतं. पैसे तुमच्या इथल्या बँकेतून थेट ब्रोकरच्या खात्यात जातात आणि तुमच्या नावाने जमा होतात. परत येतानाही तसेच.

परदेशी बँकेचं खातं लागतं ते प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्याला, म्हणजे पगार, भाडं, कॉलेजची फी यांसाठी. दोन्हींचं संरक्षणही वेगवेगळं आहे. अमेरिकन बँक बुडाली तर एफडीआयसी ही संस्था एका बँकेत एका ठेवीदाराच्या २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवीची हमी देते. ब्रोकर बुडाला आणि तुमचे शेअर्स गहाळ झाले तर एसआयपीसी ही संस्था ५,००,००० डॉलरपर्यंत भरपाई देते, त्यात रोख रकमेसाठी २,५०,००० ची मर्यादा. पण शेअरचा भाव पडला तर दोघीही काही देत नाहीत. तो तोटा शंभर टक्के आपला.

खातं उघडायचं कसं?

प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं क्रमाने लिहिते.

पहिली पायरी, ब्रोकर निवडणं. काही अमेरिकन ब्रोकर भारतातल्या माणसाचं खातं थेट उघडतात. काही भारतीय कंपन्या मध्ये असतात आणि खातं मात्र त्यांच्या अमेरिकन भागीदार ब्रोकरकडे उघडतं. दुसऱ्या प्रकारात ‘माझे शेअर्स नेमके कुणाकडे राहणार?’ हा प्रश्न विचारायचाच. ज्या ब्रोकरचं नाव कळेल ते अमेरिकेतल्या फिनरा या संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’ या मोफत यादीत शोधायचं. नाव सापडलं नाही तर तिथेच थांबायचं. आम्ही हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसरी पायरी, कागदपत्रं. पॅन, पासपोर्ट किंवा आधार, पत्त्याचा पुरावा. ब्रोकर तुमचं शिक्षण, उत्पन्न, अनुभव विचारतो. तिथे फुशारकी मारायची नाही, ‘विद्यार्थी’ असंच लिहायचं.

तिसरी पायरी, डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म. ‘मी अमेरिकेचा रहिवासी नाही, माझा कर भारतात आहे’ असं त्यात लिहून द्यायचं असतं. तो भरला की भारत-अमेरिका करारानुसार लाभांशावर ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जातो. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो, मग पुन्हा भरायचा.

चौथी पायरी, आपल्या बँकेत जाऊन (किंवा तिच्या नेटबँकिंगवर) ए-२ फॉर्म भरणं. त्यात पैसे कशासाठी जात आहेत ते लिहायचं असतं आणि या वर्षात आधी किती पाठवले तेही. गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायचे तर त्या बँकेत तुमचं खातं साधारण वर्षभर जुनं असावं अशी अपेक्षा असते. नवीन असेल तर आधीच्या बँकेचं स्टेटमेंट किंवा रिटर्नची प्रत मागतात. बँकेतल्या मॅडमनी मला स्पष्ट विचारलं, “पैसा कुणाचा? आला कुठून?” आधी मला राग आला. मग लक्षात आलं की त्या ॲपने आम्हाला हे एकदाही विचारलं नव्हतं! खऱ्या रस्त्यावर प्रश्न विचारणारी माणसं भेटतात.

पाचवी पायरी, पैसे पोचले की खरेदी. पूर्ण शेअर महाग असेल तर बरेच ब्रोकर शेअरचा तुकडाही देतात, अगदी दहा डॉलरचाही. फक्त हे तुकडे सहसा एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलवता येत नाहीत, विकावेच लागतात.

बाजाराची वेळ हॉस्टेलवाल्यांच्या सोयीची आहे. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या सकाळी साडेनऊला उघडतो आणि चारला बंद होतो. आपल्याकडे ती उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री दीड, आणि अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे केली की ८ ते अडीच. म्हणजे मेसच्या वेळेला सुरू आणि लाइट बंद व्हायच्या वेळेनंतरही चालू. सोयीचं आहे म्हणूनच धोक्याचंही आहे. पहाटे दोनला मोबाईलकडे बघत घेतलेला निर्णय सकाळच्या लेक्चरला पटत नाही.

पैसा समुद्र ओलांडतो कसा?

इंजिनीअर म्हटलं की आत काय चालतं ते बघायची खोड असते. मलाही वाटायचं की माझे रुपये कुठल्यातरी तारेतून अमेरिकेला जातात. प्रत्यक्षात रुपया भारतातच राहतो! आपल्या मोठ्या बँकांची न्यूयॉर्कच्या बँकांमध्ये डॉलरची खाती असतात. त्यांना नोस्ट्रो खातं म्हणतात. तुमच्या बचत खात्यातून रुपये कमी होतात, ते बँक घेते, आणि तिच्या न्यूयॉर्कच्या खात्यातले तेवढ्या किमतीचे डॉलर ब्रोकरच्या बँकेला द्यायला सांगते. हे ‘सांगणं’ म्हणजे स्विफ्टचा मेसेज. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था पैसे हलवत नाही, फक्त निरोप पोचवते. म्हणून मेसेजमध्ये तुमचं नाव आणि ब्रोकरकडचा खाते क्रमांक नीट हवा, नाहीतर पैसे मधल्याच बँकेत लटकतात.

आणि शेअर कुठे असतो? भारतात तो डीमॅट खात्यात थेट तुमच्या नावावर असतो, एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या नोंदीत. अमेरिकेत तसं नसतं. तिथे बहुतेक शेअर्स कंपनीच्या वहीत ‘सीड अँड कंपनी’ या एकाच नावावर असतात. हे तिथल्या डीटीसी नावाच्या मध्यवर्ती भांडाराचं नाव. डीटीसीच्या वहीत ब्रोकरचं नाव आणि ब्रोकरच्या वहीत तुमचं. म्हणजे मेसच्या कोठीत सगळं धान्य एकत्र, आणि कुणाचं किती ते फक्त काकांच्या वहीत, असा प्रकार. म्हणून वही सांभाळणारा माणूस खरा आहे ना, हे बघणं अमेरिकन शेअरमध्ये दुप्पट महत्त्वाचं ठरतं.

हिशेब करून बघू

आता गणिताचा तास. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या बँकेचे वेगळे असतील. डॉलरचा बाजारभाव ९० रुपये धरू. बँक तुम्हाला विकताना ९१ लावते आणि परत घेताना ८९ देते. पाठवायचा खर्च टॅक्ससह १,००० रुपये, आणि परत पाठवताना ब्रोकर २५ डॉलर घेतो.

रूमीचे १८,००० घ्या. खर्च वजा जाता १७,००० उरले, भागिले ९१, म्हणजे सुमारे १८७ डॉलर. शेअरचा भाव वर्षभर जिथल्या तिथे राहिला असं धरा. परत आणताना २५ वजा, उरले सुमारे १६२, गुणिले ८९. हातात आले साधारण १४,४०० रुपये. काहीही न घडता ३,६०० गेले, म्हणजे २० टक्के!

तेच १,८०,००० पाठवले तर? त्याच रीतीने परत येतात सुमारे १,७२,८००. तोटा ४ टक्के. खर्चाचा मोठा भाग ठरलेला असतो म्हणून लहान रकमेला तो चिरडतो. तेव्हा ‘एका डॉलरपासून सुरुवात’ ही जाहिरात ऐकली की आधी विचारा, डॉलर पाठवायला किती रुपये लागतात?

टॅक्स, म्हणजे ओरलमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न

हा भाग स्टाफमधल्या वाचकांनी जास्त लक्षपूर्वक वाचावा, कारण पाठवण्याएवढे पैसे त्यांच्याकडेच असतात.

पहिला टीसीएस. एका आर्थिक वर्षात एलआरएसखाली १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर गुंतवणुकीच्या बाबतीत वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस बँक कापते. (ही मर्यादा आधी ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली.) १२ लाख पाठवले तर २ लाखांवर ४०,००० रुपये. हा खर्च नाही, आगाऊ भरलेला कर आहे. रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकतो.

दुसरा लाभांश. १०० डॉलर लाभांश असेल तर २५ तिथेच कापले जातात. भारतात पूर्ण १०० तुमच्या उत्पन्नात धरून तुमच्या स्लॅबने कर लागतो आणि तिथे भरलेल्याची वजावट मिळते, पण इथल्या करापुरतीच. ज्याला इथे करच लागत नाही अशा विद्यार्थ्याचे ते २५ डॉलर गेलेच म्हणायचे.

तिसरा विक्रीचा नफा. आपल्यासारख्या भारतात राहणाऱ्यावर अमेरिका या नफ्याचा कर लावत नाही, भारत लावतो. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या परदेशी शेअर्सवर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, त्याहून कमी असेल तर स्लॅबप्रमाणे. नफा रुपयांत मोजतात. म्हणजे शेअर तिथेच राहिला आणि रुपया पडला तरी कागदावर नफा होतो आणि कर लागतो.

चौथी गोष्ट अशी की जी मला कुणीच सांगितली नव्हती. परदेशात एक शेअर जरी असला तरी भारतातल्या रहिवाशाला रिटर्न भरणं सक्तीचं आहे, उत्पन्न शून्य असलं तरी! साधा आयटीआर-१ चालत नाही. परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं आणि त्यातला हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा असतो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात हे न दाखवल्याबद्दल १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या (घर-जमीन सोडून) मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवायचं कर्तव्य तसंच आहे. आणि लपवून उपयोग नाही. २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार अमेरिका खात्यांची माहिती भारताला कळवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने अशा लोकांना मेसेज आणि ईमेल पाठवून आठवण करून देण्याची मोहीमच काढली होती.

पाचवी गोष्ट अप्रिय, पण सांगते. खातेदार वारला तर अमेरिकन शेअर्सवर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. अमेरिकेबाहेरच्या माणसाला त्यात फक्त ६०,००० डॉलरची सूट आहे, वर दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारतात असा कर १९८५ मध्येच रद्द झाला, म्हणून आपल्या घरांत हा विचार कुणी करत नाही. ज्यांची रक्कम मोठी त्यांनी करावा.

शिवाय २०२२ पासूनचा एक नियम आहे. पाठवलेले किंवा विकून आलेले पैसे नुसते पडून ठेवता येत नाहीत. १८० दिवसांत पुन्हा गुंतवा, नाहीतर भारतात परत आणा.

एमएसला जाणाऱ्यांसाठी

शेवटच्या वर्षाच्या बऱ्याच जणांचं जीआरई झालंय. तुमची गोष्ट वेगळी. शिक्षणासाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याला फेमाखाली अनिवासी मानतात, हे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. तिथे गेल्यावर बँकेत खातं उघडायला पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र आणि तिथला पत्ता घेऊन शाखेत जायचं. मग तिथे कमावलेल्या पैशाला एलआरएस लागू नाही, कारण ती योजना रहिवाशांसाठी आहे. पण इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यायला बँकेला कळवा. हे बहुतेक जण विसरतात. आणि परत आलात तर घाबरून खातं बंद करू नका. परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला फेमाच्या कलम ६(४) मध्ये मुभा आहे. रिटर्नमध्ये मात्र दाखवायची.

मग करावं की नाही?

मी काही सल्लागार नाही, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि एम-थ्री एटीकेटीत काढलेली आहे. फायदे आहेत. सगळी अंडी एका देशात राहत नाहीत, आणि पुढे डॉलरमध्ये फी भरायची असेल तर डॉलरमधली बचत उपयोगी पडते. पण अमेरिकन बाजार नेहमी वरच जातो हे खोटं आहे. नॅसडॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,०४८ वर होता. मग तो कोसळला, आणि पुन्हा त्या पातळीच्या वर बंद व्हायला एप्रिल २०१५ उजाडलं. पंधरा वर्षं! तेवढ्यात इथली मुलं नर्सरीतून इंजिनीअरिंगपर्यंत पोचतात.

थोड्या रकमेसाठी सोपा मार्ग म्हणजे परदेशात गुंतवणूक करणारे भारतीय म्युच्युअल फंड. रुपयांत भरायचं, एलआरएस नाही, परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट नाही. अडचण एवढीच की संपूर्ण फंड उद्योगाला मिळून परदेशी शेअर्ससाठी ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली म्हणून २०२२ च्या सुरुवातीला या योजनांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं होतं. तेव्हा योजना उघडी आहे का ते आधी बघायचं. गुजरातेतल्या गिफ्ट सिटीतूनही परदेशी शेअर्सचा मार्ग आहे, पण तिथे पाठवलेला पैसाही एलआरएसमध्येच मोजतात.

आणि खोटं कसं ओळखायचं? माझ्या चार खुणा लिहून ठेवा. पैसे यूपीआयने एखाद्या व्यक्तीच्या नावावर मागितले, खोटं. ए-२ फॉर्मचं नाव कुणी काढलं नाही, खोटं. पैसे काढण्याआधी ‘टॅक्स’ भरायला सांगितला, खोटं. खरा ब्रोकर कर कापून घेतो, वर मागत नाही. चलनाचे सौदे करून देतो म्हणाले, तर रिझर्व्ह बँक अनधिकृत फॉरेक्स कंपन्यांची एक अलर्ट लिस्ट प्रसिद्ध करते, ती बघा. यादीत नाव नाही म्हणजे कंपनी चांगली, असं मात्र नाही.

शेवटी आमच्या रूमचं. रूमीची परीक्षा फी मी माझ्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून भरली. ती आधी ऐकेना. “चूक माझी, तू कशाला भरतेस?” म्हणाली. मी म्हटलं, चूक निम्मी निम्मी आहे. तू न वाचता पैसे टाकलेस आणि मी न वाचता हो म्हटलं. पण तुला ते वाचायला अवघड होतं, मला नव्हतं. त्यावर ती काही बोलली नाही. आईला तिने अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत सांगणार आहे, आणि मी सोबत जाणार आहे.

या लेखाचा पहिला खर्डा तिनेच वाचला. माझ्या बऱ्याच शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि हिशेबातला एक भागाकार दुरुस्त केला. नोस्ट्रोचा परिच्छेद तिला दोनदा वाचावा लागला, म्हणून मी तो पुन्हा लिहिला. तुम्हालाही काही अडलं तर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळची रूम. लिंक पाठवू नका, कागद घेऊन या. शेवटच्या पानापर्यंत वाचून देईन.